नव्या सिस्टरला लगेच मोजू नका

महिना संपत आला की वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट करायला बसतात. डावीकडे नावांची उभी ओळ, वर तारखा, मधल्या चौकटींत सकाळ, दुपार, रात्र आणि ऑफ. कुणाच्या घरी लग्न, कुणाची परीक्षा, एक प्रसूतीच्या रजेवर, एकीने राजीनामा दिलेला. हे सगळं सांभाळून प्रत्येक पाळीला पुरेशी नावं बसवायची असतात. अशा वेळी नव्याने रुजू झालेल्या मुलीचं नाव यादीत आलं की इनचार्जचा जीव भांड्यात पडतो. एक रिकामी जागा भरली. पहिला आठवडा सकाळपाळी, दुसरा दुपारपाळी आणि लवकरच रात्रपाळी, कारण माणूस कमी पडतं ते रात्रीच. त्या चार्टवर तिचं नाव आणि त्याच वॉर्डात बारा वर्षं काढलेल्या सिस्टरचं नाव सारख्याच आकाराच्या चौकटीत बसतं, आणि दोघींची मोजणीही सारखीच होते, एक आणि एक. ही मोजणी चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. तिची किंमत आधी रुग्णाला मोजावी लागते आणि मग त्या मुलीला. नव्या परिचारिकेला, तसंच नव्या ब्रदरलाही, पहिले काही आठवडे पाळीच्या संख्येत धरू नये. त्यांनी काम जरूर करावं, पण ठरलेल्या जाणत्या सोबतिणीबरोबर, आणि त्या पाळीला लागणारी माणसं त्यांच्याशिवाय पूर्ण असावीत.

शिकून, परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून आलेल्या मुलीला नेमकं काय येत नसतं, हे आधी पाहू. जीएनएमचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा, बीएस्सी नर्सिंगचा ४ वर्षांचा. त्या काळात ती वॉर्डात वावरलेली असते. सलाईन लावणं, नाकातून नळी घालणं, ड्रेसिंग, कॅथेटर, बीपी हे तिने केलेलं असतं. पण विद्यार्थिनी म्हणून तिच्या वाट्याला एक-दोन रुग्ण येतात, शेजारी शिक्षिका उभी असते आणि शेवटची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी असते. नोकरीच्या पहिल्या दिवशी चित्र पालटतं. ७ नंबरच्या खाटेची सलाईन संपत आलेली, १२ नंबरला ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं, ३ नंबरचे नातेवाईक डिस्चार्जच्या कागदांसाठी टेबलापाशी उभे, १५ नंबरच्या अँटिबायोटिकची वेळ टळलेली, आणि नेमका याच वेळी डॉक्टरांचा राउंड सुरू. यातलं प्रत्येक काम कॉलेजात शिकवलेलं असतं. पाच कामं एकदम समोर आली की आधी कुठलं, हे मात्र कॉलेजात शिकवता येत नाही, कारण तिथे ती एकदम येतच नाहीत. अमेरिकन परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यांच्या मांडणीनुसार नवशिकी नियमाला धरून चालते, तर निष्णात परिचारिका समोरचं एकूण चित्र पाहते आणि त्यातलं काय महत्त्वाचं ते तिला ओळखू येतं. मधल्या, म्हणजे ‘सक्षम’ म्हणावी अशा पायरीवर पोचायलाच एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं लागतात. बेनर यांचा आणखी एक मुद्दा आपल्याकडे फारसा लक्षात घेतला जात नाही. निष्णात परिचारिकाही अनोळखी विभागात गेली की पुन्हा नवशिकी होते. प्रसूतिकक्षात दहा वर्षं काढलेली सिस्टर हृदयरोग्यांच्या आयसीयूत पहिल्या दिवशी नवीच असते. त्यामुळे ‘अनुभवी’ म्हणून घेतलेल्या बाईंना तर काही दाखवायची गरज नाही, हा समज खरा नाही.

अनुभवाने किती फरक पडतो, याचं एक मोजमाप सिडनीतल्या दोन अध्यापन रुग्णालयांत झालं. जोहाना वेस्टब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. १०७ परिचारिका शिरेतून द्यायची औषधं कशी तयार करतात आणि कशी देतात, हे निरीक्षकांनी शेजारी उभं राहून नोंदवलं. ५६८ वेळा औषध दिलं गेलं, त्यात ३९६ वेळा काही ना काही चूक होती. त्यातल्या १०१ चुका गंभीर होत्या, आणि त्या १०१ पैकी ९५ एकाच प्रकारच्या: औषधाचा वेग चुकला. जे सावकाश द्यायचं ते भरभर गेलं. आता अनुभवाचं पाहा. पहिल्या सहा वर्षांपर्यंत अनुभवाच्या प्रत्येक वर्षागणिक चुकीची शक्यता १०.९ टक्क्यांनी आणि गंभीर चुकीची १८.५ टक्क्यांनी कमी होत गेली. पुढे फरक पडेनासा झाला. म्हणजे चुकांचा सगळ्यात मोठा भार ज्यांनी नुकती सुरुवात केली आहे त्यांच्यावर, पर्यायाने त्यांच्या हाताखालच्या रुग्णांवर पडतो. आणखी एक आकडा मला फार बोलका वाटतो. औषध देण्यापूर्वी हाच तो रुग्ण आहे ना, ही खात्री ४७.९ टक्के वेळाच केली गेली होती, आणि जिथे केली गेली तिथे चुकीचा धोका ५६ टक्क्यांनी कमी होता. नाव विचारल्याने औषधाचा वेग आपोआप बरोबर होत नाही, हे उघड आहे. जी थांबून नाव विचारते ती बाकीच्या पायऱ्याही थांबून करते, असाच त्याचा अर्थ लावता येतो. पण थांबायला उसंत लागते, आणि तीच नव्या मुलीकडे सर्वांत कमी असते.

सिडनीचं सांगलीला कसं लागू होईल, असं कुणी विचारेल. शिरा, औषधं आणि माणसाचं लक्ष दोन्हीकडे सारखंच आहे. उलट आपल्याकडे काही सापळे जास्तीचे आहेत. इन्सुलिनचंच उदाहरण घ्या. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली व्हायल मिळते आणि १०० युनिट असलेलीही मिळते. दोन्हींसाठी सिरिंज वेगळी, लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची. रुग्णाला १० युनिट द्यायचे आहेत, हातात १०० ची व्हायल आहे आणि ट्रेमध्ये लाल टोपणाची सिरिंज पडलेली आहे. मुलीने अगदी काळजीपूर्वक १० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं तरी सिरिंजमध्ये प्रत्यक्षात २५ युनिट आलेले असतात. तिचं गणित बरोबर, रेघ बरोबर, हात स्थिर, आणि तरीही डोस अडीचपट. दोन तासांनी तो रुग्ण घामाघूम होऊन निपचित पडला तर सगळे तिच्याकडे पाहतील. ज्या वॉर्डात तिचं प्रशिक्षण झालं तिथे एकाच प्रकारची व्हायल येत असेल, तर टोपणाचा रंग पाहायचा असतो हे पुस्तकात वाचूनही तिच्या हाताला माहीत नसतं. दुसरं उदाहरण पोटॅशियम क्लोराइडचं. १० मिलीच्या त्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाईनमध्ये मिसळून, नीट हलवून, सावकाश द्यायचं हे औषध तसंच शिरेत गेलं तर हृदय थांबतं. आणि दिसायला ती अँप्यूल इंजेक्शनच्या पाण्याच्या अँप्यूलसारखीच. ब्रिटनमध्ये २००२ साली राष्ट्रीय रुग्णसुरक्षा यंत्रणेने पहिला इशारा काढला तो याच औषधाबद्दल, आणि उपाय सांगितला तो असा की हे तीव्र द्रावण साध्या वॉर्डांच्या कपाटात ठेवूच नका. ‘सावध राहा’ एवढं सांगून ते थांबले नाहीत, धोक्याची वस्तू हाताशीच ठेवली नाही. नव्या परिचारिकेबाबतही असाच विचार व्हायला हवा. तिला ‘लक्ष देऊन काम कर’ म्हणणं सोपं आहे. लक्ष देता येईल अशी पाळी तिला देणं हे रुग्णालयाचं काम आहे.

औषधापेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे बिघडत चाललेला रुग्ण ओळखणं. रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांच्या नोंदी अमेरिकेतल्या एका अभ्यासात तपासल्या गेल्या. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८४ टक्के रुग्णांमध्ये आधीच्या आठ तासांत बिघाडाची चिन्हं किंवा नव्या तक्रारी नोंदलेल्या होत्या. बहुतेकांची प्रकृती अचानक बिघडत नाही, आधी खुणा दिसत असतात. त्या खुणांमध्ये श्वासाची गती फार मोलाची, आणि मोजायची सर्वाधिक राहून जाते तीही हीच. नाडी, बीपी, ऑक्सिजन यंत्र सांगतं. श्वास मात्र पोटावर नजर ठेवून, घड्याळाच्या काट्याकडे पाहत मिनिटभर मोजावा लागतो. घाईच्या पाळीत तो मोजला जात नाही आणि रुग्णपत्रिकेवर खाटेमागून खाट ‘२०’ लिहिलं जातं. जाणती सिस्टर वॉर्डातून नुसती चालत जाते आणि ९ नंबरपाशी थबकते. आजोबा उशीला टेकून बसलेत, बोलताना वाक्य तोडताहेत, सकाळी दिलेला चहा तसाच आहे. ती २८ श्वास मोजते. नव्या मुलीने तेच आजोबा पाहिलेले असतात, पण तिच्या डोळ्यांना त्यातलं काही वेगळं वाटलेलं नसतं. ही नजर तयार होते ती शेजारी उभं राहून कुणीतरी ‘हे बघ’ म्हणून दाखवल्याने. भाषेचंही तसंच आहे. ‘जीव घाबरा होतोय’, ‘छातीत भरून आलंय’, ‘हातपाय गळाले’ असं आपले रुग्ण म्हणतात. यामागे नुसती भीती असेल, साखर उतरली असेल किंवा हृदयविकाराचा झटकाही असेल. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत केरळमधून आलेल्या परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. त्यांना हे बोल कळायला वेळ लागतो. मराठी घरातल्या मुलीलाही त्या बोलामागचं दुखणं वॉर्डातच कळू लागतं.

त्यात रात्रीचा फोन. पहाटे तीनला डॉक्टरांना उठवायचं की नाही, हा नव्या मुलीच्या आयुष्यातला मोठा प्रश्न असतो. उठवलं आणि काही निघालं नाही तर ओरडा खावा लागेल, नाही उठवलं तर रुग्ण जाईल. यासाठी जगभर ‘एसबार’ नावाची एक रीत वापरली जाते. ती मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची. चार गोष्टी क्रमाने सांगायच्या: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मी काय तपासलं आणि मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ या फोनपेक्षा ‘सर, ९ नंबर, श्वास २८, ऑक्सिजन ८९, दुपारी दोन्ही ठीक होतं, तुम्ही येऊन पाहावं’ हा फोन डॉक्टरला अंथरुणातून उठवतो. ही रीत अर्ध्या तासात शिकवता येते. ती वापरायचं बळ मात्र, फोन करताना कुणी जाणती शेजारी उभी असेल तरच येतं.

आता संख्येकडे येऊ, कारण सगळा वाद तिथेच अडतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात ३ खाटांमागे १ परिचारिका, इतर सर्वसाधारण रुग्णालयात ५ खाटांमागे १, आणि रजांसाठी वर ३० टक्के राखीव. हे प्रमाण एकूण पदांचं आहे. तीन पाळ्यांत वाटलं की अध्यापन रुग्णालयातही एका पाळीला साधारण ९ रुग्णांमागे एक परिचारिका उरते, आणि तीही सगळी पदं भरलेली असतील तर. लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हानियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली मांडला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याचा धोका ७ टक्क्यांनी वाढलेला त्यांना आढळला. पुढे युरोपातल्या ९ देशांत केलेल्या अभ्यासातही तेवढाच आकडा आला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सारे अभ्यास परिचारिकांची डोकी मोजतात. पहिल्या आठवड्यातली मुलगी त्यांत एक म्हणूनच धरली जाते, पण वॉर्डात ती एकाचं काम करू शकत नाही, आणि तिला वाट दाखवण्यात दुसरीचा थोडा वेळ जातोच. चार्टवर दोघी असलेल्या रात्री प्रत्यक्षात दीडच असते. हे वास्तव चार्टवर दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही.

यावर जुन्या सिस्टर्सचा पहिला आक्षेप असतो: आम्हाला कोण शिकवायला उभं होतं? पाण्यात पडलो आणि पोहायला शिकलो. त्यांच्या कष्टांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही, यात एक गोष्ट विसरली जाते. त्या पिढीतल्या पुष्कळजणी रुग्णालयाच्याच नर्सिंग स्कूलमध्ये शिकल्या, त्याच आवारातल्या वसतिगृहात राहिल्या आणि तीन वर्षं त्याच वॉर्डांत राबल्या. प्रशिक्षणाची ही पद्धत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या लंडनमधल्या १८६० च्या शाळेपासूनची. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने परिचारिका घडवायचं ठरवलं तेव्हा मुलींना शिकायला ससून रुग्णालयातच पाठवलं होतं. अशी मुलगी स्टाफ म्हणून रुजू व्हायची तेव्हा तिला औषधाचं कपाट, डॉक्टरांचे स्वभाव, मावशींची नावं, रक्तपेढीची वाट, सगळं ठाऊक असायचं. तिची नोकरी नवी होती, जागा नवी नव्हती. आज कॉलेज एका जिल्ह्यात, नोकरी दुसऱ्या शहरात आणि वॉर्ड पूर्णपणे अनोळखी. शिवाय रुग्णही बदलले. मोतीबिंदूचा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो, दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेचा एक-दोन दिवसांत. खाटेवर उरतात ते जास्त आजारी, एकेकाला दोन-दोन पंप लावलेले. पाण्याची खोली वाढली आहे. आणि या पाण्यात बुडतो तो नवी मुलगी नव्हे, रुग्ण.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुळात स्टाफच नाही, मग एकीला न मोजता ठेवायचं तरी कुठून? हे खरं आहे आणि ते नाकारून चालणार नाही. पण हिशेब पूर्ण करायला हवा. समजा एका जागेवर वर्षात तीन मुली येऊन गेल्या, प्रत्येक जण चार महिन्यांत वैतागून सोडून गेली. त्या वॉर्डाने वर्षभर नवशिकीच वापरली, मधले रिकामे दिवस वेगळे, आणि तिन्ही वेळा जुन्यांचाच जीव मेटाकुटीला आला. तीच पहिली मुलगी सहा आठवडे सोबतीने काम करून टिकली असती, तर उरलेले साडेदहा महिने वॉर्डाला पूर्ण माणूस मिळाला असता. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ सालीच शाळेतून रुग्णालयात येताना बसणाऱ्या या धक्क्यावर पुस्तक लिहिलं आणि नव्या परिचारिका नोकरी, कधी पेशाच, का सोडतात ते दाखवलं. अमेरिकेत २०१० साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नव्या परिचारिकांसाठी डॉक्टरांसारखी रेसिडेन्सी असावी अशी शिफारस केली. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेने नव्यांना ठरलेली मार्गदर्शिका देण्याची तत्त्वं २०२० मध्ये लिहून दिली. या देशांतही परिचारिकांची चणचण आहेच. चणचण आहे म्हणूनच त्यांना आलेली माणसं टिकवायची आहेत. आणि ज्या छोट्या रुग्णालयाला सहा आठवडे खरंच परवडत नाहीत, त्याने पायरीपायरीने मोजावं: पहिल्या आठवड्यात एकही खाट स्वतंत्र नाही, मग तीन-चार, मग निम्म्या. पाव, अर्धी, पूर्ण. एवढं कुठल्याही वॉर्डात बसवता येतं.

शिकवलं की जातात, मग शिकवायचं कशाला, हा तिसरा सूर खासगी रुग्णालयांच्या व्यवस्थापनांचा. त्यातूनच बाँड आले, मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं आलं. २०११ च्या सुमारास मुंबई, दिल्ली आणि केरळमधल्या परिचारिकांनी याच गोष्टींविरुद्ध संप केले होते. अडवून ठेवलेलं माणूस मनाने आधीच गेलेलं असतं. पगाराचा प्रश्न तर उघडच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमायला केंद्र सरकारला सांगितलं. त्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार आणि ५० हून कमी खाटांच्या ठिकाणीही महिना किमान २०,००० रुपये अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि अनेक ठिकाणी ती कागदावरच आहे. पगार वाढल्याशिवाय मुली टिकणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण पहिल्या महिन्यात राजीनामा देणारी मुलगी पगाराची चौकशी करून मगच रुजू झालेली असते. तिला पळवून लावतात त्या एकट्याने काढलेल्या रात्री, सगळ्यांसमोर खाल्लेला ओरडा आणि घरी गेल्यावरही डोक्यात घोळत राहणारा प्रश्न, की १५ नंबरचं इंजेक्शन मी दिलं होतं की नाही.

सोबतीण म्हणजे काय, हेही स्पष्ट हवं. ‘काही अडलं तर कुणालाही विचार’ याला सोबत म्हणत नाहीत. कुणालाही म्हणजे कुणालाच नाही. चार्टवर नव्या नावापुढे एका जाणतीचं नाव लिहिलेलं असावं, दोघींच्या पाळ्या आणि ऑफ एकत्र असावेत, आणि त्या जाणतीच्या खाटा तेवढ्या काळात कमी कराव्यात. नाहीतर शिकवणं म्हणजे तिला शिक्षाच. तिची निवड निव्वळ सेवाज्येष्ठतेवर करू नये. काही फार चांगल्या सिस्टर्सना शिकवण्याचा पिंड नसतो आणि त्यात कमीपणा काही नाही. पाळी बदलताना ओव्हर देता-घेताना दोघी खाटेपाशी उभ्या राहाव्यात, टेबलापाशी नाही. इन्सुलिन, पोटॅशियम, हेपॅरिन, मॉर्फिन या औषधांवर पहिले तीन महिने दोन सह्या हव्यात. पहिल्या सहा आठवड्यांत एकटीने रात्रपाळी नको. आणि चूक झाली किंवा होता होता टळली तर ती सांगितल्यावर शिक्षा होणार नाही, हे पहिल्याच दिवशी मेट्रनने स्वतःच्या तोंडाने सांगावं. लपवलेली चूक दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत पुन्हा होते.

तिच्या स्वतःच्या जिवाचंही पाहायला हवं. रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लशीचे डोस झालेत का, हे विचारून लिहून ठेवावं. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. सुई टोचली की जागा साबण-पाण्याने धुवायची, लगेच कळवायचं, आणि एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायची. ही औषधं या रुग्णालयात रात्री दोन वाजता कुणाकडे मिळतात, हे नव्या मुलीला ठाऊक नसेल तर बाकीची माहिती व्यर्थ. आगीचंही तेच. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळं दगावली. तेव्हापासून तरी कुठल्याही वॉर्डात नव्या माणसाला पहिल्या तासात अग्निशामक सिलिंडर, ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह आणि बाहेर पडायचा दुसरा दरवाजा हात लावून दाखवलाच पाहिजे. गणवेशाचं माप नंतर घेतलं तरी चालेल.

हे सगळं रुग्णालयाने करायचं, मग मुलीने काय करायचं, असा प्रश्न उरतो. तिने विचारायला लाजू नये. छोटी वही खिशात ठेवावी. तोंडी सांगितलेलं औषध परत म्हणून दाखवावं. खात्री नसेल तर हात थांबवावा. पण खात्री नसताना थांबणाऱ्या मुलीला ‘एवढंही येत नाही का’ असं ऐकवणारा वॉर्ड तिला पुढच्या वेळी न थांबायला शिकवतो. इनचार्ज सिस्टर्सना म्हणूनच विनंती आहे: पुढच्या महिन्याचा चार्ट कराल तेव्हा नव्या नावाभोवती पेन्सिलीने एक वर्तुळ काढा आणि ते वगळून पाळी पुरी होते का ते पाहा. होत नसेल तर तो कागद तसाच मेट्रनच्या आणि अधीक्षकांच्या टेबलावर ठेवा. पद रिकामं असल्याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

आणि आपण नातेवाईक म्हणून खाटेशेजारी स्टुलावर बसतो तेव्हा आपल्यालाही थोडं करता येतं. सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन येते, त्या दोन मिनिटांत तिला हाका मारू नका, डिस्चार्जचं विचारू नका, मध्ये बोलू नका. ती दुसऱ्या सिस्टरला अँप्यूल दाखवायला घेऊन गेली तर ‘हिला येत नाही’ असं समजू नका, ती तुमच्याच माणसासाठी खात्री करून घेते आहे. आणि सकाळपासून तिसऱ्यांदा तिने रुग्णाचं नाव विचारलं तर चिडू नका, पूर्ण नाव सांगा.